नावाची ओळ

आमच्या कांद्याच्या रानात ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ज्याच्यावर ते रचलं होतं तो माणूस पुण्याला तुरुंगात होता आणि त्याची बायको इतर बायांबरोबर आमच्याकडे रोपं लावत होती.

आमचं गाव अवसरी बुद्रुक. घरची शेती आहे, शिवाय गावातल्या एका दूध संस्थेत मी मापाला असतो. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती लागली, हे बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे कुणी काही सांगितलं की त्यात खरं किती आणि भर किती, हे पाहायची मला खोड लागली आहे. घरातले याला कंटाळले आहेत. बायको म्हणते, तुम्हाला स्वप्न पडलं तरी तुम्ही आधी ते मोजून घ्याल.

डोंगरातली भातं काढून झाली की डिंभ्याच्या पलीकडच्या वाड्यांमधली माणसं कामाला खाली उतरतात. त्यातलं एक जोडपं आमच्याकडे बरीच वर्षं येत होतं. बायको लागवडीला आणि तो दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला. कांद्याला रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायचं म्हणजे एक वाफा भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. कंटाळवाणं काम आहे. जरा डुलकी लागली की वाफा फुटतो आणि रोपं वाहून जातात. त्याच्या हातून आमचा वाफा कधी फुटला नव्हता. घरच्यांबद्दलही मी असं लेखी देणार नाही.

तो तुरुंगात कसा गेला ते थोडक्यात सांगतो. आमच्या शेजारच्या शिवारात एका विहिरीवरची मोटर आणि केबल एका रात्रीत गेली. त्याच पहाटे हा आमच्याकडचं पाणी संपवून पहिल्या एसटीने घरी निघाला होता. खांद्यावर पोतं होतं. पोत्यात आम्हीच दिलेली चिंगळी होती, म्हणजे बाजारात न जाणारा बारीक कांदा. जाताना गड्याला पोतंभर चिंगळी द्यायची आमच्याकडे रीतच आहे. पण अंधारात पोतं घेऊन जाणारा माणूस कुणीतरी पाहिला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत पोत्यात केबल होती असं सगळ्या शिवाराला माहीत झालं. दोन दिवसांनी त्याला वाडीतून उचलून नेलं. मोटर सापडली नाही, केबलही सापडली नाही. डोंगरातला माणूस, सोडला तर रानात पळून जाईल, असं सरकारी बाजूचं म्हणणं पडलं आणि जामीन झाला नाही.

तर ते गाणं. त्याची थोरली चुलती टोळीच्या पुढे असायची. गाणं ती काढायची आणि बाकीच्या बाया झेलायच्या. आधी मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी आहे. मग शब्द कानात शिरले.

मोटर चोरली कुनी, बेडी पडली कुना?
बेडी पडली त्याला, ज्याचा न्हाई गुन्हा.
सात दारं लोखंडाची, साताला सात टाळं,
आत दादा माझा, भाईर उनात त्याचं बाळ.

यानंतर एक ओळ यायची ती नुसती नावाची. त्याचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव. ती ओळ म्हातारी एकटीच म्हणायची आणि बाकीच्या "व्हय गं" म्हणून झेलायच्या. त्याची बायको त्या ओळीला गप्प राहायची. आमच्याकडे लग्नातला उखाणा सोडला तर बाई अजूनही नवऱ्याचं नाव घेत नाही. ती पदराचं टोक दातात धरून रोप लावत पुढे सरकायची.

मला राहवलं नाही. मी बांधावरून म्हणालो, "मावशी, एक सांगू का? तिथं सात दारं नाहीत. मी भेटीला जाऊन आलोय."

म्हातारीने हात थांबवला नाही. "तुमी आत गेल्ता, भाऊ. तुमाला मोजता आली. आमी त्याचं लेकरू घेऊन सकाळधरनं भाईर रस्त्याला बसलो व्हतो. भाईरनं सातच हायेत."

"अगं, पण खरं असेल तेवढंच म्हणावं ना?"

"डेरीतलं माप हितं आनू नका. रोप वाळतंय माझं."

बाया हसल्या. त्याची बायकोही हसली. मी बांधावरून खाली उतरलो.

पुढे खटला उभा राहिला आणि मला साक्षीला बोलावलं. त्या रात्री तो तुमच्या रानात होता हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का, असं विचारलं. पाहिलं नव्हतं. मी घरी झोपलो होतो, तेच सांगितलं. पण संध्याकाळी निम्मं रान कोरडं होतं आणि सकाळी शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं होतं, हे मी पाहिलं होतं. आमची मोटर किती पाणी फेकते, एक वाफा भरायला किती वेळ लागतो, हा हिशेब मांडला. मधेच माणूस दाऱ्यावरून हलला असता तर वाफा फुटला असता आणि एकही फुटलेला नव्हता, हेही सांगितलं. सरकारी वकील हसले. म्हणाले, म्हणजे तुमच्या वाफ्यांनी पाहिलं.

म्हातारी त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात होती. पुढच्या खेपेला टोळी आली तेव्हा गाण्यात दोन ओळी वाढल्या होत्या.

साक्षीला हाये कोन? साक्षीला हाये पानी,
वाफ्यात उभा व्हता, चिखलात दोन्ही पायांनी.

पाणी साक्षीला आहे असं मी कोर्टात म्हटलं नव्हतं. पण मला म्हणायचं होतं ते तेच होतं. तेव्हापासून मी त्या दारांच्या संख्येबद्दल बोलायचं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात पुढची तारीख सांगायला मी वाडीवर गेलो. तिथे फोनला रेंज नसते, त्यामुळे निरोप द्यायचा तर जावंच लागतं. बायका-माणसं सगळी उतारावर पडकईला गेली होती. पडकई म्हणजे डोंगराचा उतार खोदून, दगडाचा बांध घालून, मागे माती भरून भातखाचर काढायचं. एका घराच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून सगळी वाडी आज एकाच्या उतारावर राबते, उद्या दुसऱ्याच्या. पुरुष पहारीने दगड काढतात, बाया पाट्यांनी माती वाहतात, एक जण ढोल धरतो आणि गाणी चालतात. जेवण ज्याचा उतार त्याच्याकडे. प्रत्येक घराने जोडीचे हात द्यायचे, एक दगडाला आणि एक मातीला. जेवढे दिवस तुम्ही दुसऱ्याच्या उतारावर दिले तेवढे दिवस वाडी तुमच्या उतारावर येते. ज्याचे हात कमी त्याची पाळी मागे.

या पाळ्या एक म्हातारे बाबा लावत. सगळं तोंडी. दिवस कलला की ते दगडावर बसून एकेका घराचं नाव घेत आणि त्या घराचे हात विचारत. मी शेजारीच बसलो होतो. आमच्या गड्याचं घर आलं.

"मातीला हात हाये. दगडाला?"

म्हातारी चुलती पाटी झटकत म्हणाली, "दिसभर गानं चाललं का न्हाई त्याचं?"

"चाललं."

"मंग आला की तो."

बाबांनी मान हलवली. "धरा एक." आणि पुढच्या घराकडे वळले. ढोलवाल्यानेसुद्धा मान वर केली नाही. म्हणजे हे रोजचंच होतं.

माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार. बाबा म्हणाले, "काय पावणं, चुकलं का काय आमचं?"

मी म्हणालो, "चुकलं असं नाही. पण त्यानं दगड तर उचलला नाही."

"उचलू दिला का त्याला?"

गाणं हाताच्या जागी धरायचं, असं माप मी कुठे ऐकलं नव्हतं. पण ते माप लावणारी माणसं स्वतःचा हात द्यायला कसूर करत नव्हती. त्याचा दिवस धरला म्हणजे प्रत्येकाला पुढे त्याच्या उतारावर एक दिवस जास्त राबावं लागणार होतं. फुकटचा दानधर्म नव्हता तो.

असे त्याचे दोन उन्हाळे आत गेले आणि दोन्ही उन्हाळे गाणं त्याच्या जागी कामाला गेलं.

मग तो सुटला. निकालाचा कागद त्याने मला वाचायला आणून दिला. मी वाचला आणि त्याला सांगितलं, पुराव्याअभावी निर्दोष.

"म्हंजी काय?"

"म्हणजे तू केलंस हे त्यांना दाखवता आलं नाही."

"मी केलं न्हाई असं कुटं लिवलंय?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तसं लिहिलेलं नव्हतं. कोर्टाचं काम आरोप सिद्ध झाला की नाही एवढं सांगायचं, ते कोर्टाने नीट सांगितलं होतं. पण त्याला हवं होतं ते वाक्य त्या कागदात नव्हतं. ते वाक्य माझ्या माहितीत एकाच ठिकाणी होतं, त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत. हे त्याला सांगावं असं माझ्या मनात आलं. पण वाटलं, सुटला आहे तर आता कशाला. त्याने कागदाची घडी घातली आणि टोपीखाली ठेवली.

त्याच हंगामात मी बहिणीकडे आळ्याला गेलो होतो. दाजी आणि मी त्यांच्या रानाच्या कडेला उभे होतो. कांद्याची लागवड चालू होती. बाया ओळखीच्या नव्हत्या, दुसऱ्याच कुठल्या डोंगरपट्टीतल्या असाव्यात. आणि त्यांनी ते गाणं काढलं. तेच सात दरवाजे, तेच पाणी. नावाच्या ओळीला त्याचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव, सगळं जसंच्या तसं.

दाजी म्हणाले, "ऐका राव पावणं, तुमच्याकडचा चोर आमच्या रानात येऊन बसलाय."

"चोर कोण?"

"ह्यो काय, गान्यातला. लई चालतंय हे गानं. पोरान्नी मोबाईलवर घातलंय, माझ्याकडंबी आलंय."

"दाजी, तो चोर नाही. गाण्यात तेच तर म्हणतात. ज्याचा नाही गुन्हा."

"आवं, आत गेलेला परत्येक मानूस तेच म्हनतो. आमच्या फाट्याच्या नाक्यावर त्या नावाच्या मानसाला आता कुनी कामाला घेत न्हाई. उगाच कशाला? आपली मोटर हाये, केबल हाये."

दाजी वाईट माणूस नाही. आजारी गड्याला स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात नेणारा आहे. त्यांनी गाणं ऐकलं होतं, पण त्यांच्या कानात त्यातलं तुरुंग आणि नाव एवढंच राहिलं होतं. बाकीचं वाहून गेलं होतं. मी साक्षीत जे सांगितलं होतं ते त्यांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल बाबा. तुमचं माप चुकायचं न्हाई." पण मोबाईलवरचं गाणं आणि नाक्यावरचं बोलणं माझ्या एकट्याच्या मापाने थांबणार नव्हतं.

घरी आलो तर आमचा गडी ओट्यावर बसलेला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. आळेफाटा, ओतूर, नारायणगाव, जिथे जिथे तो उभा राहिला तिथे नाव विचारलं की समोरचा माणूस दुसऱ्या गड्याकडे वळत होता. आमच्याकडे तो येतच होता, पण एका घराच्या कामावर वर्ष निघत नाही.

"गानं बंद करायला सांगतो," तो म्हणाला. "तुमी येता का वाडीवर? खाली काय म्हनत्यात ते माझ्या तोंडून त्यांना खरं वाटनार न्हाई."

मी गेलो. पडकई सुरू व्हायच्या आधी वाडी एकदा बसते आणि या उन्हाळ्यात कुणाचा उतार आधी ते ठरवते. देवळासमोर सगळे जमले होते. आळ्याला जे ऐकलं ते मी सांगितलं. वाढवलं नाही, कमीही केलं नाही. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

म्हातारी चुलती आधी चिडली. "दोन वरीस या तोंडानं मी तुला वाडीत ठेवला. सनाला तू, भाताच्या आवनीला तू, पडकईला तू. आन आता म्हंतो, तोंड मिट?"

तो म्हणाला, "चुलते, तू ठेवला म्हनून मी ऱ्हायलो. पन मी सुटून आलोय. गान्यात मी अजून आतच हाये."

नंतर बाबा बोलले, आणि ते बोलले ते त्यांच्या जागी बरोबर होतं. त्या वर्षी पहिला उतार त्याचाच होता. दोन उन्हाळ्यांचे हात साठले होते. त्यातला बायकोचा वाटा तिच्या हातांचा, त्याचा वाटा गाण्याचा.

"गानं तुजं न्हाई म्हनतोस. मंग त्या गान्यावर धरलेले दिस कुनाचे? ते सोडलं तर तुजी पाळी लई मागं जाती. इचार कर."

आता सगळे त्याच्या बायकोकडे बघायला लागले. त्या घराला वरी आणि नाचणीपुरती जागा होती, भाताची नव्हती. खाचर निघालं असतं तर भात घरचा झाला असता आणि नाक्यावर उभं राहायची गरज निम्म्याने कमी झाली असती. मी मनात हे मांडत होतो तेवढ्यात तीच बोलली. कुणाकडे न बघता बोलली.

"त्या नावानं दोन वरीस मी एकटी न्हवते. मला गान्याचा तरास न्हाई. पन नाक्यावर त्यांना माघारी येताना मी बघितलंय. त्यांचं त्यांनी ठरवावं."

तो उठून बाबांसमोर आला. मग म्हणाला, "गान्यातनं नाव काढा. दिस सोडले. माजे हात मी देईन."

बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. तेव्हा ठरलं की गाणं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं, पण नावाची ओळ म्हणायची नाही, कुणाच्याच नावाने. आणि पाळीला हातच धरायचे, दुसरं काही नाही. त्याचा उतार यादीत शेवटी गेला. माणसं पांगली. म्हातारी मात्र त्याच्या जवळून जाताना म्हणाली, "चांगलं गानं व्हतं रं," आणि त्याने तिच्या पाया पडून घेतलं.

त्यानंतर वाडीत ते गाणं नावाशिवाय चालू राहिलं. नावाच्या ओळीची जागा आली की बाया थांबायच्या, तेवढ्यापुरता ढोल एकटा वाजायचा आणि पुढची ओळ यायची. मला खरं सांगायचं तर वाटलं होतं की हे आता हळूहळू बंद पडेल. ज्याच्यासाठी रचलं तो सुटला, त्याला ते नको आहे, मग कशासाठी म्हणायचं? आमच्याकडे तसंच होतं. लग्न झालं की हळदीची गाणी कोण म्हणतं?

यंदाच्या उन्हाळ्यात मी हिरड्याच्या निमित्ताने वाडीवर गेलो. बायकोला पोटाच्या औषधासाठी बाळहिरडा हवा होता आणि तो तिथल्यासारखा बाजारात मिळत नाही. पडकई चालू होती. आमचा गडी पहारीवर होता. त्याची बायको आणि म्हातारी चुलती मातीला. त्यांच्यात एक पोरसवदा बाई होती, मी तिला आधी पाहिलं नव्हतं. वाडीतच दिलेली. तिची वर्षा-दोन वर्षांची पोरगी झोळीत आंब्याला टांगलेली. तिचा नवरा खाली एका पोल्ट्रीवर कामाला होता. तिथून काही वस्तू गेल्या आणि त्याला नेलं होतं. महिना होत आला होता.

त्याने ते केलं की नाही हे मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. तिथे जे घडलं ते मी पाहिलं तेवढं लिहितो.

म्हातारीने गाणं काढलं. सात दारं झाली, बाळ झालं. नावाची जागा आली आणि बाया थांबल्या. ढोल वाजला. पण त्या बाईने पाटी खाली टाकली.

"हितं नाव का न्हाई घेत?"

"ठरलंय तसं," म्हातारी म्हणाली.

"मला त्यांचं नाव घेता येत न्हाई, आजे. तुमी घ्या. मी झेलते."

"मी ठरवलेलं न्हाई. ठरवनारा त्यो दगडाला उभा हाये. त्याला इचार."

ढोल थांबला. आमच्या गड्याने सगळं ऐकलंच होतं. त्याने पहार दगडाला टेकवून ठेवली आणि चार पावलं इकडे आला. बायांच्या गाण्यात पुरुष कधी पडत नाहीत, त्यामुळे सगळेच जरा अवघडले.

तो म्हणाला, "बाय, नाव घेतलं तर ते खाली पोचतं. सुटल्यावर त्याला कुनी काम देनार न्हाई. मी भोगतोय."

ती म्हणाली, "सुटले तर ना."

त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "त्यानं केलं न्हाई ना? खरं सांग. खोट्याला हे गानं न्हाई चालायचं."

"त्या राती घरी व्हते. पोरगीला ताप व्हता. पाठीवर घेऊन उजाडस्तवर अंगनात फिरत व्हते. मी सांगितलं सायबाला. म्हनले, तू बायको हायेस, तुजं काय धरायचं?"

"दुसरं कोन बघनारं?"

तिने झोळीकडे हात केला. "ती. तिला बोलाया येत न्हाई."

त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी इथे लिहिणार नाही. मला ते माहीत नाही आणि त्याने नंतर सांगितलंही नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्याने डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा घातली. मग त्याने म्हातारीकडे बघून त्या बाईच्या नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि वाडीचं नाव मोठ्याने घेतलं. सुरात नाही, नुसतं घेतलं. सगळ्यांनी झेललं. "व्हय गं." त्या बाईने दातात पदर धरला होता.

म्हातारीने पुढची ओळ जुनी काढली नाही. ती थोडी थांबली, ओठ हलवत राहिली आणि मग तिने म्हटलं,

साक्षीला हाये कोन? साक्षीला हाये लेक,
बोलाया शिकली न्हाई, तिचंबी एकदा ऐक.

ढोलवाल्याने पुन्हा हात टाकला आणि काम सुरू झालं. मी हिरड्याची पिशवी घेऊन एका बाजूला बसलो होतो. इतकी वर्षं माझा समज होता की गाणं त्या माणसाचं होतं आणि त्याचं काम संपल्यावर ते संपायला हवं. आता दिसत होतं की गाण्यात त्याचं असं जे होतं ते काढून घेतल्यावरही गाणं पुरेसं उरलं होतं. दुसऱ्याला लागेल एवढं. हे चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. अशा गाण्याची पुन्हा गरज पडू नये हेच चांगलं.

दुपारच्या जेवणाला ती बाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिला भेटीला जायचं होतं आणि कधी गेली नव्हती. तो आतल्या दिवसांबद्दल कधी कुणाशी बोलला नव्हता, आमच्याशीसुद्धा नाही. पण तिला त्याने नीट सगळं सांगितलं. ओळखीला काय काय न्यायचं, खायला काय आत घेतात आणि काय परत देतात, कोणत्या रांगेला उभं राहायचं, पोरीला सावली कुठे मिळेल. "आन रडू नको म्हनत न्हाई मी. पन रडन्यात येळ जातो. लई थोडा येळ देत्यात." ती मान हलवत होती. मग म्हणाली, एवढं सगळं ध्यानात राहायचं नाही. तेव्हा तो म्हणाला, उद्या मी येतो संगती.

हिरडा वाळायला आणखी एक दिवस हवा होता म्हणून मी मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती दोघं आणि पोरगी गेली. उतारावर काम झालं. ते गाणं झालं, नवीन नावाने. दिवस कलला तेव्हा बाबा नेहमीच्या दगडावर बसले आणि एकेका घराचं नाव घेऊ लागले. त्याचं घर आलं.

"मातीला हात हाये. दगडाला?"

त्याच्या बायकोने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "तो कुटं गेलाय ते समद्यांना ठावं हाये."

"ठावं हाये," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता धरतील. त्यांनी थोडा वेळ घेतला. पण हातच धरायचे असं त्याच्याच सांगण्यावरून ठरलं होतं आणि ते ठरवताना सगळे हजर होते. बाबा म्हणाले, "दगडाला न्हाई." आणि पुढच्या घराचं नाव घेतलं. त्याच्या बायकोने पाटी उपडी करून माती झटकली.

संध्याकाळची एसटी आली तेव्हा काम उरकून आम्ही काही जण, बाबा आणि त्याची बायकोसुद्धा, वाडीच्या फाट्यावर होतो. आधी ती बाई उतरली, खांद्यावर पोरगी झोपलेली. मग तो उतरला. तिला सगळ्यांनी घेरलं आणि ती सांगू लागली, भेट झाली, वाळले आहेत, पोरीला बघून हसले. तो बाजूला उभा होता. बाबांनी त्याला सांगितलं, आजचा तुझा हात धरला नाही.

"न्हाईच धरायचा," तो म्हणाला. "उद्या कोंच्या अंगानं घ्यायचंय?"

"वरल्या अंगानं. मोठा धोंडा हाये तिथं. चौघं लागतील."

"मी येतो उजाडताच," तो म्हणाला आणि बायकोच्या डोक्यावरची पाटी आपल्याकडे घेऊन वाडीची चढण चढू लागला.